घर नावावर करून देण्याआधी...

परवा भिशीला शेजारच्या काकू भेटल्या. चहा घेता घेता हळूच म्हणाल्या, "अगं, घर मुलाच्या नावावर करून टाकतेय. माझ्या माघारी त्याला कर भरायला लागू नये."

"कुठला कर, काकू?" मी विचारलं. त्यांना सांगता येईना. मुलगा म्हणाला, टीव्हीवरही काहीतरी होतं, एवढंच.

मैत्रिणींनो, असा कर आपल्याकडे होता. १९५३ साली 'इस्टेट ड्युटी' आली. मोठ्या इस्टेटीवर ती ८५ टक्क्यांपर्यंत जायची. १९८५ साली ती रद्द झाली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत वारसा करावर बरीच चर्चा झाली, पण कर आला नाही. आईच्या माघारी मुलांना घर मिळालं, तर त्यावर प्राप्तिकरही नाही. पुढे घराचं भाडं आलं किंवा ते विकून नफा झाला तर कर लागतो. पण तो बक्षीस मिळालेल्या घरालाही चुकत नाही.

मग घाई कशाची? महाराष्ट्रात राहतं घर नवरा, बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीसपत्राने द्यायचं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. बाकीचा खर्च वेगळा, तरी काम स्वस्तात होतं. पण दस्त नोंदला की घर आपलं राहत नाही! मुलगा कितीही गुणी असो, उद्या धंद्यासाठी त्याने घर तारण ठेवलं तर आपल्याला विचारायचं कारण उरत नाही. 'आईला सांभाळीन' अशी अट दस्तात घातलेली असेल आणि ती मोडली, तर २००७ च्या कायद्याने दाद मागता येते. पण सत्तराव्या वर्षी पोटच्या मुलाविरुद्ध प्रांत कचेरीच्या पायऱ्या कोण चढणार?

त्यापेक्षा मृत्युपत्र करावं. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करायची, त्यांनीही आपल्यासमोर करायची. ज्यांना काही मिळणार आहे, त्यांना साक्षीला घेऊ नये. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. आणि मन बदललं तर मृत्युपत्रही बदलता येतं. आपण आहोत तोवर घर आपलंच.

बँकेत नॉमिनी लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका. नॉमिनीच्या हाती पैसे येतात, मालकी वारसांचीच राहते.

आणखी एक. विधवा आईने काहीच लिहून ठेवलं नाही, तर हिंदू वारसा कायद्याने तिच्या घरात मुलगा-मुलीचा हिस्सा सारखाच. काकूंना एक लेकही आहे. बक्षीसपत्रात तिचं नाव कुठेच नव्हतं. मी एवढंच विचारलं, "ताईला सांगितलंत का?"

काकू गप्प झाल्या. निघताना म्हणाल्या, "कागद सध्या माझ्याच कपाटात राहू दे. आधी दोघांना समोर बसवते."

तुमच्या घराचे कागद कुणाच्या कपाटात आहेत?