नायकाच्या शोधातले शास्त्र

सामाजिक उद्योजकता हा आता विद्यापीठीय विषय झाला आहे. नफा हे अंतिम साध्य न मानता, उद्योजकाच्या धडाडीने आणि साधनांनी सामाजिक प्रश्नाला भिडणे, असा या संज्ञेचा ढोबळ अर्थ. तिची अध्यासने आहेत, पदव्या आहेत, नियतकालिके आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २००७ साली या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. साहित्याच्या अभ्यासकाने या लष्कराच्या भाकऱ्या कशासाठी भाजाव्यात, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, ही ज्ञानशाखा ज्या सामग्रीवर उभी राहिली ती सामग्री मुख्यतः चरित्रांची होती. आणि चरित्र कसे वाचावे, त्यावर कितपत विश्वास ठेवावा, हा तर आपलाच विषय आहे.

घटनाक्रम पाहा. विल्यम ड्रेटन यांनी १९८० साली अमेरिकेत 'अशोका' ही संस्था स्थापन केली. तिची श्रद्धा साधी होती : संस्था शोधू नका, माणूस शोधा आणि त्याच्या पाठीशी उभे राहा. तिच्या पहिल्या मानकरी ग्लोरिया डिसूझा या मुंबईतल्या शिक्षिका होत्या. १९९३ साली हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयात या विषयाचा स्वतंत्र उपक्रम सुरू झाला. १९९८ साली ग्रेगरी डीस यांनी आपल्या प्रसिद्ध निबंधात या संज्ञेची वंशावळ झां-बाप्तिस्त से आणि शुम्पेटर यांच्यापर्यंत नेऊन भिडवली. २००३ साली स्कोल प्रतिष्ठानाच्या देणगीतून ऑक्सफर्डमध्ये संशोधनकेंद्र उभे राहिले. २००४ साली डेव्हिड बॉर्नस्टीन यांचे पुस्तक आले. त्यात जावेद आबिदी आहेत, मुंबईच्या 'चाइल्डलाइन'च्या जेरू बिलिमोरिया आहेत आणि पूर्वसूरी म्हणून फ्लॉरेन्स नाइटिंगेलही आहेत.

या क्रमात एक वर्तुळ दडलेले आहे. कोणाला सामाजिक उद्योजक म्हणायचे हे आधी पाठ्यवृत्ती देणाऱ्या संस्थेने ठरवायचे. निवडलेल्यांची कथा पत्रकाराने लिहायची. ती कथा प्राध्यापकाने वर्गात 'केस' म्हणून शिकवायची आणि अशा कथांतून यशस्वी उद्योजकाचे गुणधर्म काढायचे. मग त्याच गुणधर्मांच्या आधारे पुढली निवड करायची. यशस्वी म्हणून निवडलेल्यांमध्ये यशाची लक्षणे सापडली, याचे आश्चर्य ते काय?

ही तक्रार बाहेरच्याची नाही. ऑक्सफर्डच्या त्याच केंद्रातले ॲलेक्स निकोल्स यांनी २०१० साली लिहिले की, या क्षेत्राची चौकट अजून ठरलेली नाही आणि ती ठरवण्याची ताकद असलेले देणगीदार व पाठ्यवृत्तिदाते तिला आपल्याच प्रतिमेत घडवत आहेत. त्यांच्या मते नायक-उद्योजकाची यशोगाथा हीच तिथली प्रमुख कथनरीती होती. त्याच्या आदल्याच वर्षी शॉर्ट, मॉस आणि लम्पकिन यांनी १५२ लेखांचा आढावा घेतला, तेव्हा प्रत्यक्ष अभ्यासांपेक्षा संकल्पनात्मक लेखांचीच संख्या जास्त भरली. पाया खणण्याआधी कळसाच्या आकारावर चर्चा चालावी, तसे हे झाले.

आता या कथांची घडण पाहू. एक संवेदनशील व्यक्ती अन्याय पाहते, अस्वस्थ होते, सुखाची नोकरी सोडते, लोक हसतात, एक कल्पना सुचते आणि ती कल्पना देशोदेशी पसरते. आपल्याला हा साचा ओळखीचा आहे. संतचरित्रांतही तो भेटतो. पण संतचरित्रकार आपण भक्तीसाठी लिहीत आहोत हे लपवत नाही. केस लिहिणारा मात्र भक्तिपर लिहून त्याला पुरावा म्हणतो. मुहम्मद युनूस यांनी १९७६ साली जोब्रा गावात स्वतःच्या खिशातून दिलेले कर्ज सर्वांना पाठ असते. १९८३ साली बांगलादेश सरकारने खास वटहुकूम काढून ग्रामीण बँकेला बँकेचा दर्जा दिला, ही गोष्ट बहुधा तळटीपेत जाते. २००६चे नोबेल पारितोषिक युनूस आणि बँक यांना निम्मे-निम्मे मिळाले होते, हेही विसरले जाते. शासन, कायदा, कर्मचारी, कर्जदार स्त्रिया सगळे नेपथ्यात जातात आणि रंगमंचावर एकटा नायक उरतो.

या बाबतीत आपली परंपरा अधिक प्रामाणिक होती. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले तेव्हा ते प्रत्यक्षदर्शींकडे जाऊन आठवणी गोळा करत हिंडले. एकाच लीळेविषयी निरनिराळ्या जणांच्या आठवणी जुळत नसतील, तर त्या महानुभाव परंपरेने वेगवेगळ्या नोंदवून ठेवल्या. ज्याला परमेश्वरावतार मानले, त्याच्या चरित्रातही साक्षीदारांच्या मतभेदाला जागा मिळाली. आजच्या केसमध्ये मतभेद नोंदवणारा साक्षीदार दाखवा.

युरोपातला प्रवाह वेगळा आहे, हे मान्य केले पाहिजे. इटलीने १९९१ साली सामाजिक सहकारी संस्थांचा कायदा केला आणि १९९६ साली सुरू झालेल्या 'एमेस' या संशोधकांच्या जाळ्याने व्यक्तीऐवजी संस्थेपासून सुरुवात केली : मालकी कोणाची, मत कोणाला, नफ्याचे वाटप कसे? हे प्रश्न महाराष्ट्राला परके नाहीत. १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा उद्योग सुरू केला. तिथे काम करणारी प्रत्येक 'बहीण' सहमालक असते. या कथेचा नायक कोण? प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि इतर शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभारला, तेव्हा धनंजयराव गाडगीळ अर्थशास्त्राच्या अभ्यासिकेतून उठून त्याचे पहिले अध्यक्ष झाले. तिथेही शेतकरी, अर्थतज्ज्ञ आणि शासन ही तिन्ही नावे एकत्र घेतल्यावाचून वाक्य पुरे होत नाही.

सहकाराची पुढे काय गत झाली, हे मी विसरलेलो नाही. परंतु ती गत आपल्याला नीट समजली, याला कारण बाविस्करांसारखे संशोधक. कोपरगावच्या कारखान्यात राहून त्यांनी गटबाजी, निवडणुका आणि उसाचे राजकारण पाहिले. १९८० साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात जयजयकार नाही आणि सहकाराला मोडीत काढण्याची घाईही नाही. सामाजिक उद्योजकतेच्या शास्त्राला असे बाविस्कर हवे आहेत.

कारण या ढिसाळपणाची किंमत प्राध्यापक मोजत नाहीत. ऑगस्ट २०१० मध्ये एसकेएस ही सूक्ष्मवित्त कंपनी भांडवलबाजारात उतरली आणि ऑक्टोबरमध्ये कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनंतर आंध्र सरकारला वटहुकूम काढावा लागला. हैदराबादच्या वस्त्यांत बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा आरोग्य, शिक्षण किंवा स्त्रियांचे सबलीकरण यांत सूक्ष्मकर्जाने लक्षणीय फरक पडल्याचे दिसले नाही. त्या निबंधाच्या शीर्षकात 'चमत्कार' हा शब्द आहे आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. तोवर वर्गांत चमत्कार प्रश्नचिन्हावाचून शिकवला जात होता.

शास्त्र तरुण आहे, व्याख्या हळूहळू स्थिरावेल, असे त्याचे समर्थक म्हणतात. विद्यार्थ्यांना प्रेरणा हवी असते, असेही म्हणतात. प्रेरणेला माझा विरोध नाही. तिच्यासाठी चरित्रे खुशाल वाचावीत. मात्र ज्ञानशाखा म्हणवून घ्यायचे असेल, तर बंद पडलेल्या उपक्रमांची दप्तरे उघडावी लागतील, सोडून गेलेल्या कार्यकर्त्यांना बोलते करावे लागेल आणि ज्यांच्या 'उद्धारा'ची कथा सांगितली जाते त्यांची साक्ष घ्यावी लागेल. तोवर एखादी केस वर्गात वाटली गेली, तर विद्यार्थ्याने आधी एवढेच विचारावे : ही कथा सांगतो आहे कोण, आणि ज्यांच्याविषयी ती आहे त्यांनी ती वाचली आहे काय?