नाव जुळत नाही? मग जावास्क्रिप्ट शिका

आपल्या मराठवाड्यात नाव लिहायची एक जुनी रीत आहे. आधी शेख किंवा सय्यद, मग स्वतःचं नाव, मग पुन्हा शेख आणि वडिलांचं नाव. समजा, 'शेख सलीम शेख रहीम'. परभणीत, जिंतूरला, पाथरीला हे नाव कुणाला खटकत नाही. ऑनलाइन अर्जात मात्र तीन चौकटी असतात: नाव, मधलं नाव, आडनाव. मग शाळेच्या दाखल्यावर एक क्रम, आधारवर दुसरा, बँकेच्या पासबुकावर तिसरा. इंग्रजी स्पेलिंग तर एकाच घरात भावाभावांचं वेगळं. शेवटी शिष्यवृत्तीच्या अर्जावर शेरा येतो: नाव जुळत नाही.

आपण याला नशीब म्हणतो, नाहीतर सरळ कारस्थान म्हणतो. माझं म्हणणं आहे की आधी यंत्र नाव कसं वाचतं ते समजून घ्या. त्यासाठी जावास्क्रिप्टचे पहिले दोनच धडे पुरेत: आकडा आणि मजकूर.

जावास्क्रिप्ट ही ब्राउझरची भाषा. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत केला. ती शिकायला काही विकत घ्यावं लागत नाही. लॅपटॉपवर क्रोम उघडा, एफ-१२ दाबा, 'कन्सोल' निवडा आणि लिहायला लागा. लॅपटॉप नसेल तर मोबाइलवरही फ्रीकोडकॅम्पसारख्या ठिकाणी फुकट सराव करता येतो.

पहिली गोष्ट. ५ + ५ लिहिलं की उत्तर १० येतं. पण दोन्ही पाच अवतरणचिन्हांत टाकले की उत्तर येतं '५५'. कारण अवतरणचिन्हांतला पाच हा आकडा नाही, मजकूर आहे, आणि मजकुराची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणं. वेबपानाच्या चौकटीत आपण जे भरतो ते प्रोग्रामकडे आधी मजकूर म्हणूनच जातं. 'नंबर' ही आज्ञा देऊन त्याचा आकडा करावा लागतो. इथे मी मराठी अंक छापले आहेत, पण कन्सोलमध्ये इंग्रजी अंक टाका. मराठी ५ ला 'नंबर' लावलं तर उत्तर 'नॅन' येतं, म्हणजे हा आकडाच नव्हे.

दुसरी गोष्ट. जावास्क्रिप्टला ९००७१९९२५४७४०९९३ हा आकडा द्या. ती शेवटचा ३ बदलून २ करून परत देईल. एवढे मोठे पूर्णांक तिच्या नेहमीच्या आकड्यांत नेमके मावत नाहीत. आणि '००४५' चा आकडा केला तर पुढची शून्यं गळून फक्त ४५ उरतं. म्हणून एक साधा नियम लक्षात ठेवा: ज्याची बेरीज करायची नाही तो आकडा नव्हे, मजकूर. खाते क्रमांक, आधार क्रमांक, मोबाइल नंबर, सगळा मजकूर.

तिसरी गोष्ट आपल्या नावाची. दोन मजकूर सारखे आहेत का हे यंत्र एकेक चिन्ह लावून बघतं. 'शेख' आणि 'शेख' पुढे एक रिकामी जागा, ही त्याच्या लेखी दोन वेगळी नावं. ती जागा 'ट्रिम' या आज्ञेने कापता येते. 'मुस्लिम' हा शब्द आपण तीन अक्षरांत वाचतो, पण जावास्क्रिप्ट त्याची लांबी ७ सांगते. उकार, हलन्त, वेलांटी हे सारं ती स्वतंत्र मोजते. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून कुणी 'नाव इतक्याच अक्षरांचं' अशी अट घातली, तर आपलं नाव अर्ध्यावर कापलं जातं. यात द्वेष असेलच असं नाही. पण आपल्यासारखी नावं असलेलं कुणी तो प्रोग्राम लिहायला बसलेलं नव्हतं, एवढं नक्की.

आता उपाय करून बघू. 'स्प्लिट' वापरून नावाचे शब्द सुटे करा आणि 'सेट'मध्ये टाकून दुबार शब्द काढा. 'शेख सलीम शेख रहीम' आणि 'सलीम रहीम शेख' दोन्हींतून तेच तीन शब्द उरतात. प्रश्न सुटला? नाही. 'रहीम सलीम शेख' मधूनही तेच तीन उरतात, आणि तिथे बाप मुलगा झाला! म्हणून चांगल्या प्रोग्रामला उत्तरं दोन नव्हे, तीन लागतात: जुळतं, जुळत नाही, आणि माणसाला विचारा. हे तिसरं उत्तर व्यवस्थेत असलंच पाहिजे, ही मागणी आपण नागरिक म्हणून करायला हवी. नेमकी मागणी तोच करू शकतो ज्याला आतलं यंत्र कळतं.

कुणी म्हणेल, आता एआय प्रोग्राम लिहून देतं, कशाला शिकायचं? मी म्हणतो, तो वरचा 'सेट'वाला प्रोग्राम एआयही आनंदाने लिहून देईल. बाप आणि मुलगा एक झाले हे ओळखणारा मात्र आपल्या मोहल्ल्यातलाच लागेल.

अल्गोरिदम हा शब्द बगदादच्या अल-ख्वारिझ्मींच्या नावावरून आला, हे जलशात सांगितलं की टाळ्या पडतात. पण त्यांचं मोठेपण हे की भारतातून आलेली अंकपद्धती त्यांनी परकी मानली नाही. शिकले, आणि इतरांना कळेल अशी लिहून काढली. टाळ्या वाजवणाऱ्यांनी तेवढं तरी करावं.

मुलींबद्दल एक स्पष्ट सांगतो. 'घरी बसून करता येतं' म्हणून त्यांना हे शिकवू नका. ते कॉलेज बंद करायचं निमित्त होतं. कॉलेजही हवं आणि कोडिंगही हवं.

आपल्याकडे एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र भिंतीवर लागलं की कॉम्प्युटर शिकून झाला असं मानतात. ते यंत्र वापरायला शिकवतं. त्याला प्रश्न विचारायला आपणच शिकायचं आहे. तेव्हा या रविवारी चार-पाच जण जमा. घरातल्या प्रत्येकाची कागदपत्रं मांडा, त्यांवरची नावं जशीच्या तशी उतरवा आणि दोन नावांतला फरक दाखवणारा दहा ओळींचा प्रोग्राम लिहा. मग शेजारच्या घराची कागदपत्रं घ्या, ते घर कुणाचंही असो. नाव न जुळणारी माणसं फक्त आपल्यातच नाहीत.