यादीत नसलेल्यांचे वाङ्मय

वालीव नाक्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी एक फलक लागतो. मधोमध कुणा पुढाऱ्याचे हात जोडलेले छायाचित्र, भोवती पासपोर्ट आकाराचे चारदोन चिमुकले चेहरे आणि वर ठसठशीत अक्षरांत ‘गुणवंतांचे हार्दिक अभिनंदन’. मराठीच्या शिक्षकाला या ओळीत व्याकरणाची चूक सापडणार नाही. परंतु ‘गुणवंत’ हा शब्द फलकावरच्या चौघांविषयी जेवढे सांगतो, त्याहून कितीतरी अधिक त्या फलकाखालून दप्तर घेऊन जाणाऱ्या इतर पोरांविषयी सांगतो. आमचे भांडण या शब्दाशी आहे. साहित्याचे अध्यापन करणाऱ्या आमच्यासारख्यांनीही तो इतक्या निर्धास्तपणे वापरावा, याच्याशी ते अधिक आहे.

विषय जवाहर नवोदय विद्यालयाच्या प्रवेशाचा. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ज्यांना ‘गतिनिर्धारक’ म्हटले त्या या निवासी शाळा. पहिल्या दोन शाळा १९८५-८६ साली निघाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. महाराष्ट्राला ही कल्पना अपरिचित नव्हती. मधुकरराव चौधरींच्या शिक्षणमंत्रिपदाच्या काळात, म्हणजे १९६०च्या दशकात, पुसेगाव, धुळे वगैरे ठिकाणी शासकीय विद्यानिकेतने उभी राहिली होती, आणि ग्रामीण भागातली हुशार मुले वेचून घ्यायची हाच त्यांचाही हेतू होता. पालघर जिल्ह्याचे नवोदय पालघरजवळच्या माहीमला आहे. सहावीच्या जागा ऐंशी. शिक्षण, राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके सारे सरकारी खर्चाने. पाचवीतल्या मुलाने दोन तासांत ऐंशी प्रश्न सोडवायचे, आणि ही संधी आयुष्यात एकदाच. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ‘पुन्हा बसता येणार नाही’ असे बजावणाऱ्या परीक्षा आपल्याकडे फार नाहीत.

२०२५ साली ही परीक्षा १८ जानेवारीला झाली आणि निकाल मार्चच्या अखेरच्या आठवड्यात लागला. मधले दोन महिने आम्ही वालीवमध्ये जवळून पाहिले, कारण आमच्याही घरातली पोर त्या परीक्षेला बसली होती. हे आधीच सांगून टाकलेले बरे. पुढचे सगळे लिखाण तटस्थ माणसाचे नाही.

वालीव हे गाव आहे की शहर, हा प्रश्न इथे काव्यात्म नाही, प्रवेश-अर्जावरचा आहे. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. उरलेल्यांवर ग्रामीण आणि शहरी अशा साऱ्यांचाच हक्क. ग्रामीण ठरायचे तर तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्या शाळेत गेलेली हवीत. त्या काळात एक दिवस जरी शहरी शाळेत काढला असेल तरी मूल शहरी. आता ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली आणि वालीव तिच्या हद्दीत आले. गावे वगळा म्हणून किती मोठे आंदोलन झाले, हे इथल्या माणसाला नव्याने सांगायला नको. महापालिका झाली तरी प्राथमिक शाळा वर्षानुवर्षे जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. म्हणजे शाळेच्या पाटीवर जिल्हा परिषद, घरपट्टीच्या पावतीवर महानगरपालिका, आणि भोवती काय? पत्र्याचे गाळे, डाय बनवणारी यंत्रे, प्लास्टिकच्या दाण्यांची पोती, पावसाळ्यात गुडघाभर पाणी, आणि गाळ्याच्या मागेच भाड्याची खोली. गिरण्या बंद पडल्यावर परळ-लालबाग सोडून नालासोपाऱ्यापर्यंत फेकले गेलेले कुटुंब, कोकणातून किंवा घाटावरून थेट इथे उतरलेले कुटुंब, उत्तर प्रदेशातून आलेले कुटुंब, हे सगळे एका अधिसूचनेने ‘शहरी’ झाले. शहरी म्हणजे संधींनी वेढलेला, असे त्या नियमाचे गृहीतक. वसई पश्चिमेच्या बागायती पट्ट्यातल्या, पिढ्यान्‌पिढ्या शाळा पाहिलेल्या घराला आणि वालीवच्या गाळ्यातल्या पाळीवर जाणाऱ्या घराला हे एकच विशेषण लागू होते. शब्द वापरायचे कसे हे शिकवण्याचा पगार आम्ही घेतो. निदान आम्हाला तरी हे खटकायला हवे होते.

निकालाची वाट पाहणारे पालक कसे दिसतात? झेरॉक्सच्या दुकानात आम्ही त्यांना पाहिले आहे. बाप रात्रपाळी संपवून, हाताचे काळे ग्रीस तसेच ठेवून आलेला असतो. दुकानदार अनुक्रमांक आणि जन्मतारीख टाकतो, संकेतस्थळ उघडत नाही, पुन्हा टाकतो. ‘साहेब, जरा परत बघा ना, एखादा आकडा चुकला असेल,’ असे बाप तीनदा म्हणतो. आकडा चुकलेला नसतो. मग आई विचारते, ‘प्रतीक्षायादीत तरी?’ एवढ्या संवादात जे आहे ते आमच्या वाङ्मयात कुठे आहे, असा प्रश्न आम्हाला त्या दुकानात पडला आणि अद्याप सुटलेला नाही.

आनंद यादवांची ‘झोंबी’ १९८७ची. तिच्यातला बाप शाळेच्या आड उभा राहतो. पोराने शेतात राबावे ही त्याची इच्छा, आणि पोर त्याच्याशी झुंजून शाळेत जाते. ती वाचून आम्ही घडलो आणि ती शिकवून आम्ही निवृत्तीकडे चाललो. परंतु मधल्या काळात बाप बदलला. तो आता शाळेच्या आड नाही, यादीपुढे उभा आहे. पोराला शिकवायचे नाही म्हणणारा बाप मराठी समीक्षेला नीट ठाऊक आहे. पोराला शिकवायचे आहे म्हणून अर्ज, दाखले, शिकवणीचे हप्ते यांत वाकलेल्या बापाविषयी तिच्यापाशी एक परिभाषासुद्धा नाही. आमची शैक्षणिक आत्मचरित्रे बहुतांशी पोहोचलेल्यांनी लिहिली. ते स्वाभाविक आहे, जो पोहोचतो त्यालाच लेखणी मिळते. त्यांच्यातल्या यातना खऱ्या आहेत, त्यांच्याविषयी आम्हाला आदरच आहे. मात्र अशी पुस्तके एकापाठोपाठ एक अभ्यासक्रमाला लावत गेल्याने विद्यार्थ्याच्या मनात एक सरळ रेषा तयार होते: दारिद्र्य, जिद्द, परीक्षा, यश. या रेषेबाहेरचा मुलगा दिसतो तो ‘कोसला’त, १९६३ साली; पांडुरंग सांगवीकर नापास होऊन सांगवीला परततो. पण त्याला परतायला घरची शेतीवाडी होती. वालीवचे मूल यादीतून गळले तर परतते त्याच शाळेत, त्याच बाकावर, आणि आता त्याच्या कपाळी एक निकाल असतो.

त्या परीक्षेतला भाषेचा भाग आम्ही मुद्दाम सोडवून पाहिला. चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर एकच. आमच्या पोरीने सरावात एका उताऱ्यावर ‘लेखकाला काय वाटते?’ याचे उत्तर निवडताना दोन पर्यायांवर बोट ठेवले आणि दोन्ही बरोबर आहेत म्हणाली. साहित्याच्या वर्गात आम्ही तिची पाठ थोपटली असती. इथे आम्ही तिला सांगितले, ‘असं नाही चालत, एकच निवड.’ ते वाक्य आमच्या तोंडून गेले, याची लाज अजून वाटते. आणि दुसरी गंमत अशी की, ज्या मराठीत परीक्षा देऊन मूल निवडले जाते ती मराठी तिथे आरंभीच्या इयत्तांपुरती. पुढे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि सामाजिक शास्त्रे हिंदीत, असे धोरण आहे. मराठीच्या अभिमान्यांनी यावर कधी ब्र काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्यांची मुले त्या परीक्षेला बसत नाहीत.

आमचे काही मित्र म्हणतात, तुम्ही चांगल्या गोष्टीच्या पाठी लागला आहात. जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी मुलाला नवोदयशिवाय असे वसतिगृह, अशी प्रयोगशाळा कुठून मिळणार? हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो, कारण तो खरा आहे. तिथे जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा आहेत, किमान एकतृतीयांश मुली आहेत, आणि या शाळांनी कितीतरी घरांचा इतिहास बदलला आहे. ती बंद करा असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे असे की, ऐंशी जणांना मिळते ते उरलेल्यांना का नाही, हा प्रश्न ही निवडच बुजवून टाकते. मूल निवडले गेले नाही म्हणजे ते कमी पडले, असे एकदा ठरले की शाळा कमी पडली असे म्हणायची वेळच येत नाही. पाचवीचा वर्ग मग दोन गटांत आपोआप विभागतो, ‘नवोदयची पोरे’ आणि बाकीची. हे आम्ही कुणा एका शिक्षकावर ढकलत नाही. एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असतील तर तो बिचारा आणखी काय करील?

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. वरच्या वर्गांना शिकवा, मग ज्ञान खाली पाझरेल, या सरकारी समजुतीवर त्यांनी त्यात प्रहार केला आणि रयतेच्या करातून गोळा झालेला पैसा रयतेच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च करा, असे बजावले. हे निवेदन आम्ही पदव्युत्तर वर्गाला शिकवतो, त्यावर दहा गुणांचा प्रश्न विचारतो. ‘गतिनिर्धारक’ हा शब्द त्या पाझराचाच पुनर्जन्म आहे, हे मात्र कुणी विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहीत नाही, कारण आम्ही ते शिकवत नाही.

आणि याच पालघर जिल्ह्यात, माहीमपासून फार दूर नाही, बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे अनुताई वाघांसह ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नाही म्हणून त्यांनी शाळा मुलाच्या अंगणात नेली. पोरे गुरे राखायला जातात तर कुरणातच शाळा भरवली. त्या कुरणशाळेत प्रवेशाची यादी नव्हती. अंगणवाडी हा शब्द साऱ्या देशाने उचलला, त्यामागचा विचार मात्र तिथेच टेकडीवर राहिला. एकाच जिल्ह्यात हे दोन विचार शेजारी शेजारी नांदले, एक मुलापर्यंत चालत जाणारा आणि दुसरा मुलांतून वेचून घेणारा, आणि आम्ही वालीवकर दुसऱ्याच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकत बसलो.

आता आमच्या पोरीचे काय झाले, असे कुणी विचारील. तिचे नाव यादीत नव्हते. अर्ज भरताना ‘शहरी’वर खूण करताना आमचा हात थोडा थबकला होता, आणि त्या क्षणी आमच्या मनात फुले नव्हते, कोसबाड नव्हते, तिला गावच्या आत्याकडे तीन वर्षे ठेवले असते तर, एवढाच हिशेब होता. निकालाच्या दिवशी ती शाळेतून आली, आमच्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाली, ‘बाबा, माझ्या वर्गातलं कोणीच लागलं नाही. मग उद्या सगळे असणार.’ आणि दप्तर टाकून खेळायला गेली.