विहीर हे कासवाचे घर नव्हे

मांडव्याचे नाव घेतले की मुंबईहून येणाऱ्या लाँचचा धक्का आणि समुद्र डोळ्यांपुढे येतो. कासव म्हटले तरी समुद्रातलेच कासव आठवते. पण या किनाऱ्यामागे भातखाचरे, तळी आणि नारळ-पोफळीच्या वाड्याही आहेत. कोकणातल्या अशा गोड्या पाण्यात मऊ पाठीचे कासव राहते. आज त्याची बाजू मांडायची आहे.

या कासवाची पाठ चामड्यासारख्या कातडीने झाकलेली असते. पोटाच्या मागच्या बाजूला दोन झडपा असतात. भीती वाटली की ते मागचे पाय आत ओढते आणि झडपा मिटतात. बेडूक, मासे, गोगलगाई, किडे, पाणवनस्पती, इतकेच काय, मेलेले प्राणीही ते खाते. तळ्याची सफाई त्यामुळे आपोआप होते.

नेमका हाच गुण त्याला नडतो. विहिरीत कासव सोडले की पाणी स्वच्छ राहते, अशी समजूत आपल्याकडे जुनी आहे. तिच्यात थोडे तथ्य आहे. विहिरीत पडून मेलेला बेडूक कासव खाईल. पण त्याची विष्ठा कोठे जाणार? त्याच पाण्यात! पाणी शुद्ध करायचे तर गाळ उपसावा, विहिरीवर जाळी बसवावी, टीसीएल पावडर टाकावी. ते काम कासवाचे नाही.

आता कासवाच्या बाजूने विचार करा. त्याचे रक्त आपल्यासारखे सतत उबदार नसते. ऊब मिळवण्यासाठी त्याला उन्हात बसावे लागते. तळे आटले तर ते चिखलात पुरून घेते, नाही तर दुसरे पाणी शोधत चालू लागते. मादी काठावरच्या मातीत खड्डा करून अंडी घालते. विहिरीच्या उभ्या, बांधीव भिंती त्याला चढता येत नाहीत. तेथे ऊन नाही, चिखल नाही, अंड्यांसाठी माती नाही. कासव वर्षानुवर्षे जगलेले दिसेल, पण त्याचा वंश तेथेच थांबतो.

देवळात कासवाला नमस्कार करणाऱ्या आपण जिवंत कासवाला असे कोंडावे, हे मला पटत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही त्याला पकडण्यास आणि बाळगण्यास मनाई केली आहे.

तुमच्या विहिरीत कासव असेल तर स्वतः उतरू नका. घरच्या मोठ्यांना सांगून वनविभागाला कळवा. आणि पावसाळ्यात वाटेवर कासव दिसले, तर त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या.