दृष्टीआड टीम, दृष्टीआड बढती

पिंपरी-चिंचवडचं घड्याळ पूर्वी पाळ्यांवर चालायचं. टेल्कोची किंवा बजाजची पहिली पाळी म्हणजे पहाटे डबा, दुसरी म्हणजे दुपारी डबा, हे आकुर्डी-चिंचवडमधल्या दोन पिढ्यांच्या गृहिणींना तोंडपाठ होतं. कंपनीची बस चौकातून सुटली की घर एकीकडे आणि कंपनी दुसरीकडे. आता वाकड, रहाटणी, पिंपळे सौदागरमधल्या सोसायट्यांत कितीतरी घरांची कंपनी जेवणाच्या टेबलावरच असते. बाई घरात दिसते, पण ती 'कामावर' असते. सासूबाईंना हे हळूहळू समजायला लागलंय. साहेबांना मात्र अजून नीटसं समजलेलं दिसत नाही.

मार्च २०२० मधल्या टाळेबंदीने हे कामाचं घर झालं. रातोरात लॅपटॉप घरी आले. साथ ओसरली, आणि हिंजवडीच्या कंपन्यांनी माणसांना परत बोलवायला सुरुवात केली. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात यायला सांगितलं. इन्फोसिसने मार्च २०२५ पासून बऱ्याच कर्मचाऱ्यांना महिन्यातले किमान दहा दिवस हजेरी घातली. 'घरून की ऑफिसातून' हा वाद तेव्हापासून चालू आहे. भूमकर चौकात दोन्ही वेळा अडकणाऱ्या बाईच्या बाजूने तो वाद म्हणजे नोकरी टिकणार की जाणार, एवढा थेट प्रश्न आहे.

साहेबलोकांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, हे आधी मान्य करू या. लांब बसलेली टीम विस्कटते. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा २०२० मधला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम सुरू झाल्यावर आपापल्या गटातली माणसं एकमेकांना घट्ट धरून राहिली, पण एका गटाचं दुसऱ्या गटाशी बोलणं आटलं. समोरासमोरची चर्चा कमी झाली आणि मेल, निरोप वाढले. आपल्या औद्योगिक पट्ट्यात याचा अर्थ काय, ते कुणालाही कळेल. वाकडमध्ये बसून एकीने ड्रॉइंगमध्ये बदल केला आणि चाकणच्या लाइनवर भाग बसेना, तर तो घोळ चहाच्या टपरीवर दोन मिनिटांत सुटतो. मेलवर त्याला दोन दिवस लागतात आणि वर मनं कडू होतात ती वेगळीच.

पण मग घरचं काम बंदच करावं का? चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या प्रवास कंपनीने २०२१-२२ मध्ये १,६१२ कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. निम्म्यांना आठवड्यातले दोन दिवस घरून काम करू दिलं, निम्म्यांना पाचही दिवस ऑफिस. २०२४ मध्ये निष्कर्ष छापून आले. कामाचा दर्जा आणि बढत्या यांत फरक पडला नाही. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण मात्र एक तृतीयांशाने घटलं, आणि त्याचा फायदा विशेषकरून बायकांना आणि लांबून येणाऱ्यांना झाला. मोशीहून हिंजवडी गाठणाऱ्या बाईला हे समजायला संशोधन लागणार नाही म्हणा!

याच कंपनीचा २०१०-११ मधला जुना प्रयोग आपण बायकांनी जास्त लक्षात ठेवायला हवा. त्यात कॉल सेंटरमधले लोक आठवड्यातले चार दिवस घरून काम करत होते. त्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. पण तेवढंच चांगलं काम करूनही त्यांना बढती मिळण्याची शक्यता ऑफिसात बसणाऱ्यांपेक्षा कमी भरली. काम दिसलं, माणूस दिसला नाही. आपल्याकडे 'दृष्टीआड सृष्टी' म्हणतात, ते इथे अप्रेझलच्या कागदावर उतरलं.

म्हणून 'घरून काम' ही बायकांना दिलेली सवलत ठरली, तर ती महागात पडते. टीममधले पुरुष ऑफिसात, बायका पडद्यावर, असं चित्र झालं की महत्त्वाचं काम जो समोर आहे त्याच्याकडे जातं. पाच वर्षांनी आपण विचारतो, वरच्या खुर्च्यांवर बायका का नाहीत!

त्यात भर वेळेची. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, डेट्रॉइट साडेदहा तास. म्हणजे तिकडे दुपारचे तीन किंवा तिकडे सकाळचे नऊ, दोन्हीकडच्या सोयीची वेळ आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. नेमकी कुकर लावायची, मुलांचा अभ्यास घ्यायची वेळ. सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं, असं दिसलं. साडेसातचा कॉल दोघांनाही सारखाच येतो. पण कॅमेरा बंद करून पोळ्या कोण लाटतं, ते सांगायला नको.

गंमत म्हणजे लांबच्या टीमचा धडा आपल्याला परदेशातून आणायची गरज नाही. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड करायला सुरुवात केली, तीच आजची लिज्जत. सकाळी केंद्रावर पीठ घ्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड आणून द्यायचे. ते तपासले जातात, वजन होतं, मजुरी हातात पडते. पापड दुपारी लाटले की रात्री, हे कुणी विचारत नाही. पापड कसा हवा, हे मात्र पक्कं ठरलेलं. आणि रोज सकाळी सगळ्या बहिणी एका जागी भेटतात. मापाने काम, मोजून दाम, आणि ठरलेली भेट. या तीन गोष्टींवर हजारो बायकांचा कारभार उभा आहे.

इंग्लंडमध्ये स्टेफनी शर्ली यांनी १९६२ मध्ये घरी बसलेल्या प्रोग्रॅमर बायकांची कंपनी काढली. बाईच्या नावाच्या पत्रांना उत्तरं येईनात, म्हणून त्या 'स्टीव्ह' अशी सही करत. कंपनीच्या पहिल्या ३०० जणांत २९७ बायका होत्या. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग त्यांनी घरून केलं, इंटरनेट नसताना, टपालाने आणि फोनवर! त्यांनीही तेच केलं. तास पाहिले नाहीत, ठरलेलं काम पाहिलं.

तेव्हा आपल्या भागातल्या टीम लीड मंडळींना, त्यात आता बायकाही बऱ्याच आहेत, चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

एक, गैरसोय वाटून घ्या. साडेसातचा कॉल एक महिना आपला, तर पुढचा महिना त्यांनी सकाळी लवकर उठावं. ग्राहकाला विचारून तर बघा, दरवेळी नकार येत नाही.

दोन, ठरलेलं लिहून ठेवा. कॉलनंतर कॉरिडॉरमध्ये चार पुरुषांनी निर्णय बदलला, तर तो सगळ्यांना दिसेल असा लिहिलाच पाहिजे. एक जण पडद्यावर असेल तर बाकीच्यांनीही आपापला पडदा उघडावा, म्हणजे ती कोपऱ्यातला छोटा चौकोन उरत नाही.

तीन, ऑफिसचा दिवस सगळ्यांचा एकच ठेवा आणि त्या दिवशी खरोखर भेटा. हिंजवडीला जाऊन पुन्हा कॉलवरच बसायचं असेल, तर ट्रॅफिक कशासाठी सोसायचा? नव्याने लागलेल्या मुलींना त्या दिवशी शिकवा. डिझाइनवाल्यांना महिन्यातून एकदा चाकणच्या शॉपफ्लोअरवर न्या.

चार, बढतीचे निकष वर्षाच्या सुरुवातीलाच कागदावर आणा. 'ती फारशी दिसत नाही' हा निकष होऊ शकत नाही.

कायदा काय म्हणतो, तेही माहीत असू द्या. बाळंतपणाच्या रजेनंतर, कामाचं स्वरूप तसं असेल तर, घरून काम देण्याची तरतूद २०१७ मधल्या दुरुस्तीने आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. पण मालक ते 'देऊ शकतो', त्याला ते द्यावंच लागतं असं नाही. म्हणून अटी तोंडी ठरवू नका, मेलवर घ्या. आणि कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत राहतं घरही येतं. रात्री अकराला कामाच्या नावाखाली नको ते बोलणाऱ्याची तक्रार समितीकडे करता येते.

आणि घरातल्या टीमचं काय? साडेसातचा कॉल महिन्याचे सगळे दिवस टळणार नाही. त्या वेळी कुकर लावणं हे कुणाचं काम, हेही एकदा लिहून फ्रिजवर लावा. अप्रेझलच्या वेळी आपण काय काय केलं ते आपणच मोजून सांगायचं असतं, लाजायचं नसतं. लिज्जतच्या बहिणी रोज सकाळी आपले पापड वजनकाट्यावर ठेवतात. आपल्या कामाचंही तसंच वजन करून घ्या, साहेबांसमोर आणि घरच्यांसमोरही.