पंगतीतील गोडाचा हिशेब

पंगतीतला आग्रह प्रेमाचाच असतो. परंतु मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांना तोच संकटात टाकतो. त्यांच्यापुढे वेगळी, अळणी वाटी ठेवावी, तर चारचौघांत बसूनही ते एकटे पडतात. मग ‘गुळाचे आहे, चालेल’ अशी समजूत काढली जाते. वास्तविक गूळ हे साखरेचेच दुसरे खाते होय. रक्तातील साखर तोही वाढवतो.

यावर आमच्या घरी निघालेला मार्ग म्हणजे, पर्वतिथी सोडून एरवी, सर्वांसाठी एकच दुधीची खीर. दुधीची फोड आधी चाखावी. कडू लागल्यास दुधी टाकून द्यावा, तो विषारी असतो. पाव किलो कीस चमचाभर तुपात परतून १ लिटर दुधात मंद आचेवर शिजवावा. दूध आटत आले, की नेहमीच्या १०० ग्रॅमऐवजी २५ ग्रॅमच साखर घालावी. बदामाची भरड, वेलदोडा व जायफळ यांमुळे उणीव भासत नाही.

आता हिशेब पाहू. आठ वाट्या धरल्यास घातलेली साखर वाटीमागे साडेबारा ग्रॅमवरून सुमारे ३ ग्रॅमवर येते. दुधातील मूळची सुमारे ६ ग्रॅम मात्र उरतेच. म्हणून मधुमेहींनी अर्धी वाटीच घ्यावी, तीही भात-पोळी तेवढी कमी करून. औषधाचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

ऊणोदरी व रसपरित्याग यांना आपल्याकडे तप मानले आहे. यजमानाने आग्रह आवरणे, हेही त्याच वाटेवरचे पाऊल नव्हे काय?