निघून जायचे तर कोठे?

कादंबऱ्या वाचणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असे आमच्यातले पुष्कळ वडीलधारे म्हणतात. आम्ही त्यांतले नाही. दिवसभर रंधा ओढून किंवा भांगलण करून ज्यांचे हात भरून येतात, त्यांच्या घरी रात्री कोणी घटकाभर प्रेमाची गोष्ट वाचली तर त्यात कोणाचे काय गेले? कष्टकऱ्याच्या घरी प्रेम नसते, की त्याची बायको कधी रुसत नाही? तेव्हा प्रेमकथेशी आमचे वैर नाही. आमची तक्रार आहे ती एकाच पुस्तकाबद्दल, आणि तीही ते वाईट लिहिले म्हणून नव्हे. आशा दाखवून ऐन वेळी पाठ फिरवली म्हणून.

अमेरिकेतील टेक्सास प्रांताच्या कोलीन हूवर या बाईंनी ‘इट एंड्स विथ अस’ नावाची कादंबरी २०१६ साली प्रसिद्ध केली. पाच वर्षांनी तिकडच्या तरुण मुलींनी मोबाइलवर चिमुकले चित्रपट काढून तिची अशी काही दवंडी पिटली, की २०२२ साली त्या देशात खपाच्या यादीत ती अगदी वर जाऊन बसली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिचा बोलपट निघाला आणि त्याने जगभरात पस्तीस कोटी डॉलरच्या आसपास गल्ला जमवला. विषय कोणता? तर नवऱ्याने बायकोला मारणे. हे ऐकून आम्ही कान टवकारले, हे कबूल केलेच पाहिजे. राजवाडे, बंगले आणि समुद्रकाठचे चांदणे सोडून एक लोकप्रिय लेखिका स्वयंपाकघरातल्या मारावर लिहिते आणि लाखो मुली ते वाचतात, ही गोष्ट लहान नाही.

हे पुस्तक आमच्याकडे आले ते एका सुताराच्या मुलीबरोबर. ती तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकते. पदपथावरच्या ढिगातून तिने ते उचलले. छपाई फिकट, दोन पाने उलटी बांधलेली. ती चोरून छापलेली प्रत असणार हे उघड आहे. मुलगी रात्री पुस्तक वाचून आईला मराठीत सांगत असे. आई भाकऱ्या थापत ऐके. आमचेही त्या घरी येणे-जाणे असल्याने चार-पाच रात्री आम्हीही ओट्यावर बसून ऐकले, आणि पुढे पुस्तक मागून घेऊन स्वतः वाचले.

आता कथा. लिली नावाची मुलगी बोस्टन शहरात फुलांचे दुकान काढते. तिचा बाप त्यांच्या लहानशा गावचा नगराध्यक्ष होता. बाहेर प्रतिष्ठित आणि घरात आईला बडवणारा. तो मेल्यावर त्याच्यामागे मिळालेल्या पैशातून दुकान उभे राहते. पुढे तिचे लग्न राइल नावाच्या मेंदूच्या शस्त्रवैद्याशी होते. माणूस देखणा, पैसेवाला, गोड बोलणारा. एके दिवशी भट्टीतून गरम भांडे काढताना त्याचा हात भाजतो, ती हसते, आणि तो तिला ढकलून देतो. दुसऱ्या खेपेस ती जिन्यावरून खाली जाते. तिसऱ्या खेपेस जे घडते ते बळजबरीच्या पायरीपर्यंत जाते. प्रत्येक वेळी तो रडतो, माफी मागतो आणि ती पुन्हा विश्वास ठेवते.

इथवर कादंबरीने आम्हाला धरून ठेवले. बायको स्वतःशीच नवऱ्याचा वकील कशी होते, लोकांना सांगायची कारणे कशी जुळवते, हे लेखिकेने खरे लिहिले आहे. आणि शेवटाकडे लिलीची आई मुलीजवळ जे बोलते ते तर आम्हाला पुस्तकातील सर्वांत मोलाचे वाटले. ती सांगते, की किती सोसायचे याची एक रेषा प्रत्येक बाई मनात आखून ठेवते. पण दर मारागणिक ती रेषा थोडी थोडी मागे सरकते, आणि एक दिवस आपण ती कोठे आखली होती हेच बाईला आठवेनासे होते. हे सांगताना मुलीचा आवाज बसला. आईने तव्यावरची भाकरी करपू दिली.

मग आईने एकच प्रश्न विचारला. “ती निगाली तर ऱ्हायली कुठं?”

वाचकहो, या प्रश्नापाशी ही कादंबरी फसते. लिली निघाली तेव्हा तिच्यापाशी स्वतःचे दुकान होते, चालते आणि नावाजलेले. दुकानात कामाला असलेली मैत्रीण ही नवऱ्याची सख्खी बहीण, आणि ती इतकी श्रीमंत की पगाराची तिला गरज नाही. कंटाळा जावा म्हणून ती नोकरी करते. तीच बहीण आपल्या भावाची बाजू न घेता लिलीची घेते. आयाबायांनो, नणंद अशी असेल तर निम्मी भांडणे मुळातच होणार नाहीत! रात्री घर सोडावे लागले तेव्हा लहानपणीचा प्रियकर अ‍ॅटलस हजर, आणि तो आता हॉटेलचा मालक झालेला. एवढ्याने भागले नाही म्हणून की काय, मारणारा नवरा तीन महिन्यांसाठी इंग्लंडात निघून जातो आणि बाई आपल्या राहत्या घरी परत येते. पैसा, छप्पर, सोबत, आणि शत्रू समुद्रापार. इतकी सोय झाल्यावर घर सोडणे अवघड राहतेच कोठे? लेखिका सांगते की लिलीला ते फार जड गेले. मनाला गेले असेल, आम्ही नाही म्हणत नाही. पण पोटाला ते एक दिवसही जड गेले नाही.

जिच्या नावावर सातबाऱ्यावर एक गुंठा नाही, जिचे घर सासऱ्याच्या नावे, जिला माहेरी ‘दिली तिथे मेली’ हे उत्तर मिळते, तिला निघताना आधी दुधाचा हिशेब करावा लागतो. पोराला कडेवर घ्यायचे की पेटी उचलायची, एस.टी.चे तिकीट कोठले काढायचे, आठ दिवसांनी शाळेचे काय. अशा बाया अमेरिकेत नाहीत असे कोणी समजू नये. तिथेही हातावर पोट असलेल्या बाया नवरा मारतो म्हणून घर सोडतात, आश्रयगृहाच्या दारात उभ्या राहतात आणि जागा नाही म्हणून परत फिरतात. त्यांतली एकही या कादंबरीच्या वाटेवर नायिकेला भेटत नाही. आमच्या देशात कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला आणि २००६ च्या ऑक्टोबरात लागू झाला. घर नावावर नसले तरी नांदत्या घरात राहण्याचा बाईचा हक्क त्याने मान्य केला. कायदा करणाऱ्यांना जो प्रश्न सुचला तो कादंबरी लिहिणाऱ्या बाईंना सुचू नये, याचा आम्हास विषाद वाटतो.

आणि त्यांना तो सुचला नाही असेही नाही! हीच सर्वांत मोठी चुटपुट. पुस्तक संपल्यावर लेखिकेने स्वतःची चार पाने जोडली आहेत. त्यांत त्या सांगतात, की त्यांचा बाप त्यांच्या आईला मारी आणि लेकरे पदरी असताना ती माउली त्याला सोडून निघाली. तिच्यावरून ही गोष्ट सुचली. म्हणजे निघालेली खरी बाई लेखिकेच्या घरातच होती! तिला ठेवले शेवटच्या पानांत आणि नायिकेच्या जागी बसवली दुकानाची मालकीण. त्या आईने पहिला महिना कसा काढला, याची कादंबरी वाचायला आम्ही रात्र रात्र जागलो असतो.

अ‍ॅटलसचेही तसेच. तो प्रथम भेटतो तेव्हा घरातून हाकललेला पोर आहे. लिलीच्या घरामागच्या ओसाड घरात झोपतो, आणि लिली त्याला चोरून खायला देते. भुकेल्या पोराचे ते वर्णन चांगले आहे. पुढे तो लष्करात जातो आणि एकदम हॉटेलवाला होऊन परततो. मधली वर्षे कोठे गेली? दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात भांडी घासली असतील, कर्ज काढले असेल, फसला असेल. ते लेखिकेला नको आहे. गरीब मुलगा दया करण्यापुरता गरीब चालतो. वर म्हणून उभा राहायचा तर खिसा भरलेला हवा.

फुलांचेही ऐका. आमच्या वाचकांत झेंडू आणि शेवंती करणारे पुष्कळ आहेत. दसऱ्याला भाव पडला की टोपल्या रस्त्यावर ओतून मोकळ्या गाडीने घरी येणे काय असते हे त्यांना सांगायला नको. अमेरिकेत विकली जाणारी बहुतेक कापलेली फुले परदेशातून येतात, सर्वांत अधिक कोलंबियातून; तिथल्या काचघरांतून आणि प्लॅस्टिकच्या छपरांखाली ती कापणाऱ्या हातांत बायांचेच हात अधिक आहेत. लिलीच्या दुकानात फुलांना चामडे आणि साखळ्या लावून नवलाचे गुच्छ होतात. पण ती फुले कोणाच्या शेतातून आली, शिळी झाल्यावर किती टाकली, भाडे किती थकले, याची ओळही नाही. दुकान हे नायिकेच्या अंगावरच्या दागिन्यासारखे आहे. धंदा म्हणून ते चालताना आम्हाला दिसलेच नाही.

आता राइलसाहेब. हा मारतो का? तर सहा वर्षांचा असताना त्याच्या हातून बंदूक सुटून थोरला भाऊ मेला, ते दुःख त्याच्या आत साठले आहे. असेल. आम्ही दुःखाची थट्टा करीत नाही. पण आमच्या वस्तीत दारू पिऊन बायकोला मारणाऱ्या गवंड्याचे बालपण कोणी कधी विचारले आहे काय? तो नुसता दारूडा. शस्त्रवैद्याने हात उचलला की मात्र त्या हातामागची जखम शोधायला निम्मी कादंबरी खर्ची पडते, आणि पुढे जन्मणाऱ्या मुलीला त्या मेलेल्या भावाचेच नाव मिळते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, तेव्हा त्यांनी पुरुषाला पदवी पाहून सूट दिली नव्हती. न्यायाने सांगायचे तर लिली शेवटी त्याला सोडते, मुलीचे तोंड पाहून सोडते, आणि तो प्रसंग चांगला साधला आहे. पण लगेच पुढे दुसरा नायक रस्त्यावर भेटतोच.

या पुस्तकाचा पुढे जो बाजार झाला तो पाहून आम्हाला नवल वाटले नाही. २०२३ च्या जानेवारीत या कादंबरीवरून चित्रे रंगवायची वही काढण्याची जाहिरात झाली. बायकोला मारण्याच्या गोष्टीची रंगवायची वही! कोणत्या पानावर कोणता रंग भरायचा होता? जिन्याला तपकिरी आणि ओठावरच्या जखमेला लाल? वाचणाऱ्या मुलीच खवळल्या आणि ती वही मागे घ्यावी लागली. त्या मुलींचे आम्ही अभिनंदन करतो. तरी पुढच्याच वर्षी बोलपटाची जाहिरात करताना बायांना सांगण्यात आले की मैत्रिणींना घेऊन, फुलाफुलांचे कपडे घालून या. त्यावरही टीका झाली. गल्ला जमायचा तो जमलाच. मालकांना असे सुचते, कारण मुळात पुस्तकातच मारापेक्षा फुले जास्त आहेत.

हे सगळे आम्ही त्या सुताराच्या मुलीपाशी बोललो तेव्हा ती रागावली. म्हणाली, “काका, तुम्हाला सगळ्यांत खोट दिसते. माझ्या वर्गातल्या दोघी हे वाचून पहिल्यांदा आपल्या घरातले बोलल्या.” यावर आम्ही निरुत्तर झालो, आणि ते इथे लपवीत नाही. पुस्तकाने दोन मुलींचे तोंड उघडले असेल तर त्याच्या खात्यावर तेवढे जमा आम्ही मांडू. त्या दोघींनी तोंड उघडल्यावर पुढे काय करायचे, याला मात्र त्यांना या पानांतून काही मिळाले नाही. मुलगीही ते नाकारीत नाही.

या कादंबरीचा पुढचा भाग २०२२ साली निघाला आहे, आणि मुलगी आता तो शोधते आहे. त्यात त्या हॉटेलवाल्याचे आणि लिलीचे जुळते म्हणतात. आईने बजावले आहे, की त्यात लिलीच्या आईचे काही असेल तर तेवढे वाचून दाखव. नाहीतर मला चुलीपुढे झोप येते.